मागच्या बाकावर कुणी नव्हतं

तुमच्या घरातला मुलगा तुरुंगात आहे. त्याला सोडवता येईल, हे सांगायला एक बाई तुमच्या दारात आली आहे. तिला तुम्ही कुठे बसवाल?

मला गॅरेजमध्ये बसवलं.

मिशिगनमधला जानेवारी. गॅरेजचं दार अर्धं वर. आत दोन गाड्या, बर्फ ओढायची फावडी, रस्त्यावर टाकायच्या मिठाचं पोतं. भिंतीला लावून ठेवलेलं मराठी मंडळाचं सामान. गणपतीचं मखर, लेझमांचा खोका, गुंडाळलेला बॅनर. घरचे काका मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला घडीची खुर्ची उघडून दिली. स्वतः उभे राहिले.

"आत गेस्ट आहेत," ते म्हणाले.

बाहेर एकही पाहुण्याची गाडी नव्हती. आतून आवाज नव्हता.

"आडनाव काय म्हणालात?"

मी म्हटलं नव्हतं. सांगितलं.

"अच्छा. म्हणजे नागपूरकडच्या." मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, "तुमच्या लोकांना कोर्टकचेरीची सवय असते हो. आमच्या घरात कुणी पोलीस चौकीची पायरी चढलेलं नाही."

चहा आला. काकांचा मगात, माझा कागदी पेल्यात. माझ्या आजीला कामाच्या घरी वेगळी कपबशी मिळायची. ती तिने धुवून पालथी घालायची. मला धुवायची गरज नव्हती. पिऊन फेकून द्यायचा. अमेरिकेत याला सोय म्हणतात. तुम्ही भांडायला गेलात, तर तुम्हीच वेडे ठरता.

मी चहा प्यायले. का प्यायले, ते सांगते.

मी एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, फौजदारी कोर्टात काम करते. आजाराच्या भरात ज्यांच्या हातून काही घडतं, त्यांना तुरुंगात टाकण्याऐवजी उपचारांकडे वळवायचं, असा तिथे एक कार्यक्रम आहे. औषधं घ्यायची, डॉक्टरकडे जायचं, दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशांसमोर उभं राहायचं. नीट निभावलं की खटला काढून टाकतात. कपाळावर गुन्हेगाराचा शिक्का बसत नाही. डॉक्टर, वकील, जेल, राहायची जागा, हे सगळं एकमेकांना बांधून ठेवणं माझं काम. दोरी म्हणा मला.

त्या हिवाळ्यात जेलमधून आलेल्या नावांत एक मराठी नाव होतं. मी त्याला ओंकार म्हणेन. खरं नाव सांगणार नाही. गावही नाही. पीएचडी करणारा मुलगा. थंडी सुरू झाली तेव्हापासून त्याला आवाज ऐकू यायला लागले होते. एका सकाळी तो कॅम्पसच्या बससमोर उभा राहिला आणि हलेना. बस हलली तर पुण्यात आई मरेल, असं आवाज सांगत होते. पोलिसांनी ओढलं. झटापटीत त्याचं कोपर एका पोलिसाच्या तोंडावर लागलं. पोलिसावर हल्ला. मोठा गुन्हा.

मी जेलमध्ये भेटायला गेले. काचेपलीकडे तो. मी मराठीत बोलले, तसा त्याचा चेहरा उघडला.

"ताई, तुम्ही इथे?" मग हळूच, "बस गेली का हो?"

"गेली. आई बरी आहे. मी चौकशी केलीय."

तो रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "इथे पोळी मिळत नाही, ताई. ब्रेड देतात. तोही थंड. यांना कुणी शिकवलं नाही का?" आणि हसला. तेवढ्यात मला दिसलं, आजाराच्या खाली तो पोरगा अख्खा आहे.

त्याच्यासाठी राहायची जागा मी शोधली होती. डॉक्टर तयार होता. सरकारी वकीलही तयार झाले. न्यायाधीशांची एकच अट होती. कोर्टाबाहेरचं कुणीतरी त्याच्यासोबत यायला हवं. दर पंधरा दिवसांनी. बोलायचं नाही, भाषण करायचं नाही. मागच्या बाकावर बसायचं. ज्याचं कुणी येतं तो टिकतो, हे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं होतं. रक्ताचं नातंही लागत नव्हतं. ओळखीचं कुणीही चाललं असतं.

त्याचे रूममेट म्हणाले, "ताई, यार, आमचाही व्हिसा आहे ना." ती पोरंच होती. घाबरली.

राहिले त्याचे काका. सख्खे. त्याच काउंटीत, कोर्टापासून गाडीने थोड्याच अंतरावर.

म्हणून मी चहा प्यायले. त्या पेल्यातला घोट ओंकारचा होता. मी अपमान गिळेन, पण हा माणूस बाकावर येईल, असा माझा हिशेब.

"काका, घरी ठेवू नका त्याला," मी म्हटलं. "जागा आहे. फक्त या. बसा."

"आणि कोर्टात आमचं आडनाव पुकारणार. मेंटल म्हणून. तिथे कुणी आपलं बसलेलं असलं म्हणजे?"

"वकील काय म्हणतोय?" मी विचारलं.

"गिल्टी प्ली करायची, गुन्हा कबूल करून विषय संपवायचा, पुढच्या फ्लाइटने पुणे."

"तो गुन्हेगार ठरेल. तो आजारी आहे, काका. शिक्षण जाईल. उपचारही होणार नाहीत."

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"हे बघा. माझ्या धाकटीसाठी स्थळं बघतोय आम्ही. पोरगा कुठे मारामारीत सापडला, तर लोक विसरतात. तरुण रक्त म्हणतात. वेड मात्र खानदानात शोधतात. कळतंय का? तुमच्याकडे हे इतकं नसेल."

गुन्हेगार चालेल. वेडा नको.

मी उठले तेव्हा आतलं दार उघडलं. काकू. हातात डबा. "बेसनाचे लाडू. त्याला फार आवडतात."

"काकू, जेलमध्ये बाहेरचं चालत नाही."

त्यांनी डबा पुढे धरूनच ठेवला. मग मिठाच्या पोत्यावर ठेवला. काका म्हणाले, "तू आत जा." त्या आत गेल्या.

सुनावणीच्या दिवशी ओंकारला हातकड्यांत आणलं. आत येताच त्याने मान वळवली आणि मागचा बाक पाहिला. पुन्हा पाहिला. त्या बाकावर काही नव्हतं. कुणाचा कोटसुद्धा नाही.

न्यायाधीश वाईट माणूस नाहीत. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "तुझ्यासाठी कुणी आलंय का?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. हातकडीमुळे दोन्ही हात उचलावे लागले.

"ही ताई."

न्यायाधीश म्हणाले, "त्या आमच्याकडे काम करतात. तुझं कुणी?"

मी कोर्टाची होते. मी मोजली जात नव्हते. मला उठून ओरडावंसं वाटलं की आहे मी, याचीच आहे. ओरडले नाही.

न्यायाधीशांनी पुढची तारीख देऊ केली. "कुणाला तरी घेऊन ये," ते म्हणाले. ओंकारने वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. वकिलाने माझ्याकडे पाहिलं आणि 'नाही' अशी मान हलवली. ओंकारने गुन्हा कबूल केला. बाहेर नेताना तो माझ्याजवळून गेला.

"ताई, काकांना ऑफिस असेल."

तो त्यांची बाजू घेत होता.

जेलमधून त्याला इमिग्रेशनवाल्यांनी उचललं. मग विमान. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. तो औषध घेतो का, पोळी खातो का, बस पाहिली की काय होतं त्याला, मला माहीत नाही. केस संपल्यावर त्याच्या घरी फोन करायचा मला अधिकार नाही. नियम आहे. मी नियम पाळते. रोज पाळते आणि रोज काहीतरी आतून तुटतं.

पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी मंडळाचा फोन आला. सेक्रेटरी मॅडम. "आपली मराठी मुलगी, अमेरिकेच्या कोर्टात! तुझा सत्कार करायचाय. नाही म्हणायचं नाही हं."

मी गेले. शाळेचा हॉल. लहान मुलं इंग्रजीत भांडत होती, आया मराठीत गप्प करत होत्या. बुफेच्या रांगेत माझ्यामागे कुणीतरी अध्यक्षांना विचारलं, "ओंकार दिसला नाही फार दिवसांत?"

"पुण्यात स्टार्टअप करतोय," काका म्हणाले. "इथे मन रमेना त्याचं."

मग स्टेज. काका शाल घेऊन पुढे आले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. शाल माझ्या खांद्यापर्यंत आली आणि मी एक पाऊल मागे सरकले.

"ही शाल मी घेणार नाही."

लोकांना वाटलं, लाजतेय. मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या हो ताई, बाहेर अजून बर्फ आहे!" हॉल हसला.

मी माइक घेतला. "नाव सांगायला मला मनाई आहे. एका माणसाला वाचवायला एक माणूस लागत होता. नुसता बसायला. तो या हॉलमधून यायला हवा होता. आला नाही. म्हणून शाल नको."

काका फोटोसाठी केलेलं हसू तसंच ठेवून पुटपुटले, "मॅडम, हा विषय इथे नको."

"मग कुठे बोलू या? गॅरेजमध्ये?"

माइक चालू होता.

त्यांनी माइक बंद करवला. लेझीम सुरू झालं. त्याच खोक्यातली लेझमं.

पार्किंगमध्ये काकू मागून आल्या. स्वेटर न घालता.

"मी आले असते तर चाललं असतं?"

"हो."

"बोलावं लागलं असतं?"

"नाही, काकू. नुसतं बसायचं होतं."

त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी गाडी काढली तेव्हाही उभ्याच होत्या. निघताना मी त्यांना कोर्टाचा वार सांगितला होता, वेळ सांगितली होती. दुसऱ्या कुणासाठी या, म्हटलं होतं. त्या अजून आलेल्या नाहीत.

माझे वडील नागपुरात पत्रकं काढायचे. वस्तीत पाणी नाही, पत्रक. पोरांची शिष्यवृत्ती अडली, पत्रक. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. ते मला मोठ्याने वाचायला लावायचे. जिथे मी अडखळेन, तिथलं वाक्य बदलायचे. म्हणायचे, "नुसता राग छापू नये. शेवटच्या ओळीत माणसाला काम द्यावं."

त्या गॅरेजमध्ये मला वाटलं होतं, गिळलं की कुणाचा तरी जीव वाचेल. कुणी वाचलं नाही. अपमान माझ्या पोटात राहिला आणि ओंकार विमानात गेला. मला खुर्ची बाहेर देणारं घर आणि त्याला कोर्टात एकटं सोडणारं घर, एकच घर आहे. एकच दार आहे ते. कोण आत येणार आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे तिथेच ठरतं. त्या दारात मी पुन्हा हात जोडून बसणार नाही. पेला देतील तो घेणार नाही. जेलमधून पुढचं नाव येईल, तेव्हा मी एका दाराशी जाणार नाही. सगळ्या दारांवर थाप मारेन, दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

हे पत्रकच समजा. आता काम.

तुम्ही अमेरिकेत कुठेही असाल, तुमच्या काउंटीच्या कोर्टाला फोन करा. विचारा, मानसिक आजार असलेल्यांचं कामकाज कोणत्या वारी असतं, आणि एकट्या पडलेल्या माणसासोबत येऊन बसायला कुणी हवं आहे का. असा कार्यक्रमच नसेल, तर का नाही, ते विचारा. असेल, तर त्या दिवशी ऑफिसातून सुट्टी घ्या.

वडील पत्रकाच्या तळाशी लिहायचे, बहुसंख्येने उपस्थित राहा. मी एवढं मागत नाही. एक जण या. मागच्या बाकावर बसा. तो मान वळवून पाहील, तेव्हा तिथे असा.