चादरीएवढी खोली

पेटीतली चादर काढली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला पुण्यातली ती खोली आठवते.

मी तेव्हा सोलापुरात चादरीच्या मागावर कामाला होतो. पुण्यातला मेव्हणा म्हणाला, "दाजी, शेजारची खोली विकायचीय. घ्या." बायकोला घेऊन बघायला गेलो. भिंतींचा चुना अजून ओला होता. मेव्हण्यासाठी नेलेली चादर मी तिथंच जमिनीवर पसरली. दोन्ही टोकं भिंतींना टेकली, तसा मी मोठ्यानं हसलो.

"चादर हातरली की घर संपलं! सोलापुरात माझ्या पाच खोल्या हायत."

बायको खिडकीपाशी उभी होती. "घ्या की वो, पुढं पोराला उपयोगी पडंल," ती हळूच म्हणाली. मी चादर काखेत मारली आणि तसाच निघालो. मेव्हण्याला द्यायचीही राहिली.

आता बायको नाही. पोरगा पुण्यात भाड्यानं राहतो. हितलं घर विकून तुझ्याजवळ येतो, असं काल त्याला फोनवर म्हणालो.

"अण्णा, तेवढ्या पैशांत इथं न्हाणीघरसुद्धा येत नाही," तो म्हणाला. "पूर्वी स्वस्त होतं म्हणे. तुम्ही कधी बघितलं नव्हतं का?"

"न्हाय," मी म्हणालो.

मग चार खोल्यांना कड्या घातल्या आणि पाचवीत ही चादर हातरली.