ठकीच्या तपासणीचा कागद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय — मला ठाऊक नाही. पण तोंड उघडलंय, तर आता मधे थांबवू नका.

मी शहापूरचा. साठ सालाच्या आसपास मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात, प्रयोगशाळेत मदतनीस होतो. म्हशाजवळच्या एका वाडीवरून हिरूबाई आपल्या पोरीला घेऊन आली, ती माझं नाव विचारत. आपल्याकडचा एक माणूस आत आहे, एवढाच तिला आधार. पोरगी ठकी, बारा वर्षांची — बुटकी, गोल तोंडाची. हातापायांत पेटके यायचे, कधी झटके. भगताचे सगळे उपाय करून झाले होते. मूठ वळली की तिच्या करंगळीशेजारच्या बोटाचा उंचवटा दिसायचाच नाही. तिथं खळगा पडायचा.

डॉक्टरांनी तो खळगा बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. रक्तात कॅल्शियम कमी आहे, हे कळलंच होतं. प्रश्न एवढाच — ते सांभाळणारा रस गळ्यातल्या ग्रंथी बनवतच नाहीत, की रस आहे पण शरीर त्याला दाद देत नाही? त्यासाठी तोच रस टोचायचा आणि तासातासाची लघवी तपासायची. फॉस्फेट खूप वाढलं, तर ग्रंथी निकामी. नाही वाढलं, तर दाद न देणारं शरीर — आणि तो आजार बहुधा घराण्यातून येतो.

"धाकटी हाय एक, सोनी," हिरूबाई म्हणाली. "तिची मूठ बी अशीच दिसते. आनू का?"

"आधी हिचा रिपोर्ट येऊ दे," डॉक्टर म्हणाले.

टोचल्यानंतरच्या लघवीच्या पहिल्या दोन बाटल्या माझ्या हातून फुटल्या. कशा? धक्का लागला नाही, घाई नव्हती. कुणाशी तरी हसत ट्रे उचलला — बस्स. टोचायचा तो रस परदेशातून यायचा, फार वाट बघून. होता तो संपला होता. सांगितलं असतं तर काय झालं असतं? डॉक्टर ओरडले असते. तेवढंच. मी फरशी पुसली. मग एका जुन्या रोग्याच्या कागदावरचे आकडे, थोडे इकडेतिकडे करून, ठकीच्या कागदावर उतरवले. त्या रोग्याचं फॉस्फेट भरपूर वाढलेलं होतं. ठकीच्या उरलेल्या बाटलीत वाढ नव्हती — ते मी पाहिलं होतं. तोवर ओसरली असेल, असं स्वतःला म्हटलं.

डॉक्टरांनी कागद वाचला. जरासे हिरमुसले; दुर्मीळ आजार हातचा गेला होता. "ग्रंथीच निकामी आहेत. धाकटीला आणायचं कारण नाही." मी तिथंच उभा होतो. दोन हातांवर.

ठकीला गोळ्या लागू पडल्या. दोन्ही आजारांवर औषध तेच — म्हणून माझं खोटं कुणाला दिसलंच नाही.

पुढच्या वर्षी म्हशाच्या जत्रेत, बैलांच्या बाजारापाशी हिरूबाई भेटली. ठकी सोबत होती, चांगली उजळलेली. मी विचारलं, "सोनी कुठाय?" का विचारलं मी?

"सोनी गेली ना, दादा. लावनी चालू व्हती. झटका आला न् चिखलात तोंडावर पडली. आमी बांधापल्याड. बगेपर्यंत... डॉक्टर बोलले व्हते ना, धाकटीचं काय कारन नाय. मंग मी तिच्याकडं बगलंच नाय गो बाय."

शेवटचे शब्द माझ्याशी नव्हते, स्वतःशीच होते. मी बोलायला हवं होतं — तिथंच, तेव्हाच. तिला निदान कळलं असतं, की चूक तिची नव्हती.

तिनं डोळे पुसले. "तुमी व्हते म्हनून एक तरी वाचली," म्हणाली, आणि ठकीला माझ्या पाया पडायला लावलं. मी पडू दिलं. आशीर्वादही दिला.

सोमवारी डॉक्टर जिन्यात भेटले. जत्रा कशी झाली, म्हणाले.

चांगली झाली, म्हणालो.