दोन यायची हायत

रणभिसे बाईंनी मला चौथीत पट्टीने मारलं होतं, कारण सतराचा पाढा मी मनाने बनवून म्हटला होता. "येत नसेल तर येत नाही म्हण," त्या म्हणाल्या होत्या, "मनाचं सांगू नकोस." त्याच बाई अडुसष्टाव्या वर्षी मनाचं सांगताना माझ्या डोळ्यांदेखत सापडल्या, म्हणून हे लिहितो आहे. एरवी बाईंबद्दल लिहिण्याचं धाडस माझ्यात अजून नाही.

सोलापुरात सात रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या चर्चच्या पाळकांनी जुन्या नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे दिली. मुंबईला, विलायतेला गेलेले मंडळीतले लोक बाईंना फोन करत. पणजोबांचा बाप्तिस्मा कधी झाला, आजीची कबर कुठल्या रांगेत आहे, असलं काहीबाही विचारत. बाई वही साडीच्या तुकड्यात गुंडाळून रिक्षाने आणत आणि मी पानं स्कॅन करून पाठवत असे. काम फुकट, वर अक्षर पुसट आलं की बोलणी.

त्यातली एक वही छपन्याच्या, म्हणजे १८९९-१९०० सालच्या दुष्काळातली. मिशनच्या आश्रमात आलेल्या अनाथ पोरांची. नंबर, आधीचं नाव, नवं नाव, वय, गाव, आईबाप. शेवटच्या रकान्यात पानंच्या पानं एकच शब्द, अज्ञात. ती वही काचेवर पालथी घालताना मला नेहमी वाटायचं, एवढी पोरं आणि एकालाही आई नाही, असं कसं?

बेचाळीस नंबरला बाईंची स्वतःची आजी होती. 'मुलगी, नवं नाव रूथ, वय दोन, अज्ञात.' ती ओळ आली की बाई पान उलटायच्या. "आधी लोकांचं होऊ दे," म्हणायच्या. आजी संध्याकाळी उंबऱ्यावर बसून बोटं मोजत राहायची, एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

एक्केचाळीस नंबरचा मुलगा भीमा, नवं नाव दाविद, वय चार. 'रेल्वेने आला, पुढे दुसऱ्या गावच्या आश्रमात पाठवला.' हे बर्मिंगहॅमच्या याकोबकाकांचे आजोबा. म्हातारपणी ते सोलापुरात परतले आणि इथेच पुरले गेले. काका चौऱ्याऐंशीचे, फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. रविवारची उपासना आटोपली की बाई माझ्या दुकानात येऊन त्यांना व्हिडिओ कॉल लावत. काकांना एकच गोष्ट हवी होती, आजोबांच्या आईचं नाव.

"वैजू, वर गेल्यावर ती भेटेल ना," काका बाईंना म्हणत, "मी तिला हाक काय मारू?"

सहा रविवार बाईंनी 'अज्ञात' सांगितलं. सातव्या रविवारी काकांच्या नाकाला नळी होती. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि बाई म्हणाल्या, "सापडलं, काका. गोजाबाई. जेऊरची. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली."

मी बघितलं. वही मिटलेली होती.

काका ओक्साबोक्शी रडले. मग दर रविवारी त्यांना आणखी हवं झालं, आणि बाई देत गेल्या. गोजाबाईने पोराभोवती घोंगडीचा तुकडा गुंडाळला. त्याला आगगाडीत बसवलं. म्हणाली, मेंढरं मोजत बस, शंभर झाली की मी आलेच. हे सांगताना बाई एकदाही अडखळल्या नाहीत. डोळे अर्धवट मिटून, कुणाचा तरी निरोप पोचवावा तशा बोलायच्या.

न राहवून मी म्हटलं, "बाई, सतराचा पाढा."

त्या चिडल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मी बनवत नाही रे विरू," त्या हळूच म्हणाल्या. "तोंड उघडते, तर ते तिथं असतंच."

श्रावणात काकांनी आजोबांच्या कबरीवर नवा दगड बसवायला सांगितला. त्यावर कोरायचं, 'दाविद, गोजाबाईचा मुलगा.' तेव्हा मात्र बाईंची झोप उडाली. आजारी माणसाला धीर द्यायला बोललेलं वेगळं आणि दगडात कोरलेलं वेगळं. त्यांनी ठरवलं, जेऊरला जायचं, अशी कुणी बाई नव्हतीच याची खात्री करायची आणि काकांपुढे कबुली द्यायची.

"ते असेच गेले," बाई म्हणाल्या, "तर तिकडं खोट्या नावाने हाका मारत फिरतील रे."

त्यांना एकटं कसं सोडणार? मी दुकान बंद केलं.

जेऊरला उतरलो तेव्हा चार वाजले होते. बाई या गावात जन्मात आल्या नव्हत्या. स्टेशनबाहेर चहा घेता घेता मी चहावाल्याला विचारलं, मेंढरंवाल्यांची वस्ती कुठे आहे?

"गोजाबाईची वस्ती म्हना की. रुळाच्या कडंकडंनं सरळ जावा."

बाईंनी चहा तसाच बाकावर ठेवला. "बोलाफुलाला गाठ पडते, बाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

वस्ती म्हणजे चार घरं आणि मोकळं माळरान. एक कुत्रं आमच्यावर भुंकायला लागलं ते थांबेचना. सुकन्या नावाच्या सुनेने पाणी दिलं. तिचा सासरा बिरदेव, ऐंशीच्या घरातला म्हातारा, मेंढरं आणत होता. सोलापूरहून आलोय, जुनी माहिती हवी आहे, एवढंच बाई बोलल्या.

"बसा की. मोजून हू द्या."

वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, एका बाजूने उघडी होती. मेंढरं आत जात होती, बिरदेव मोजत होते आणि दर विसाला सुकन्या एक खडा टाकत होती. "सात ईस आन चार," म्हातारा म्हणाला. सगळी आली होती. तरी त्याने वाघूर बांधली नाही. रुळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "दोन यायची हायत." आणि खाली बसला.

दिवस कलला होता. माळावर लांबवर कुणीही नव्हतं.

"कोण दोन?" मी विचारलं.

"आमच्या पणजीची पोरं. गोजाबाईची. लई वंगाळ दुष्काळ. मेंढरं मेली, अंगावर दूद न्हाय. सोलापूरला मडमा पोरं जगवत्यात म्हनून कळलं, तवा तिनं दोगांस्नी गाडीत बसवलं. भीमा आन ठकू. मेंढरं मोजत बसा म्हनली, पाच ईस झाली की म्या आलेच. चार वरसाच्या पोराला पाच ईस मोजाया कुटलं येतंय? लई येळ लागंल, म्हनूनच सांगितलं आसंल."

"मग गेली नाही आणायला?"

"गेली की. पाऊसपानी झाल्यावर गेली. पन पोरांची नावं बदलल्याली. भीमा कुनाला ठावा न्हाय, ठकू कुनाला ठावी न्हाय, आन कागुद काडून बगाया कोन बसलंय? तवापास्नं रोज सांजचं वाघूर उगडी ठिवायची आन म्हनायचं, दोन यायची हायत. दिस बुडाला की बांदायची. बा करायचा, आता मी करतो."

भीमाचं नाव आम्ही काढलंच नव्हतं. आणि मुलगी? बाईंच्या गोष्टीत मुलगी नव्हतीच. मुलगी होती ती वहीत, बेचाळीस नंबरला.

बाई उठल्या, वाघरीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ठकू आली," त्या म्हणाल्या. "माझी आजी होती. बाहत्तर साली गेली. तिच्या जागी मी आले."

म्हाताऱ्याने पुरावा मागितला नाही. उठून बाईंजवळ आला. मग म्हणाला, "लई येळ लावलास गं, बाय."

बाई तिथेच मातीत बसून लहान पोरीसारख्या रडल्या. मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

सावरल्यावर त्यांनी काकांना फोन लावला. तिकडे भर दुपार होती. "काका, मी तुमच्याशी खोटं बोलले. वहीत नाव नव्हतं. मी मनाचं सांगितलं. ते खरं निघालंय."

त्यांनी सगळं सांगितलं.

"लहानपणी तुझी आजी बोलली असेल," ते म्हणाले.

"आजी दोन वर्षांची होती, काका. दोन वर्षांच्या पोरीला आईचं नाव 'आई' एवढंच माहीत असतं."

"मग तुला सांगितलं कुणी?"

सुकन्याने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मला तिकडे धर," काका म्हणाले. मी फोन वाघरीच्या तोंडाशी धरला. "भीमा पण आला म्हणून सांगा तिला," ते म्हणाले.

आम्ही आल्यापासून भुंकणारं, वाघरीच्या तोंडात बसलेलं कुत्रं गप्प झालं. ते उठलं, वाघरीच्या तोंडातून बाजूला झालं आणि शेपटी हलवू लागलं. ते आमच्याकडे बघत नव्हतं, रुळाकडे बघत होतं. बिरदेवांनी दोरी हातात घेतली, पण कुणाला आत यायला लागावा तेवढा वेळ ते थांबले. मग त्यांनी गाठ मारली.

"झाली पुरी," ते म्हणाले.