सासऱ्यांची कवळी आणि बर्फातला किआ

माझ्या सासऱ्यांचे दात मी स्वतःच्या हाताने पुसून टाकले आणि नातेवाइकांनी त्याबद्दल माझं तोंडभरून कौतुक केलं.

सांगतो. त्या जुलैत नाना, म्हणजे माझे सासरे, पुण्याहून आमच्याकडे रोटोटुनाला, हॅमिल्टनच्या एका उपनगरात, आले होते. (इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा.) शनिवारी माझी मेव्हणी केतकी हिचं हॅमिल्टनमध्येच लग्न होतं आणि नाना स्वतः रचलेली मंगलाष्टकं स्वतः म्हणणार होते. एकूण अकरा! आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस, त्यामुळे उच्चारात तडजोड नाही. लग्नाआधी त्यांना बर्फ दाखवावा म्हणून मी, बायको मंजिरी आणि दहा वर्षांची आमची इरा त्यांना घेऊन मंगळवारी देशाच्या दक्षिण बेटावरच्या एका घाटात पोचलो. (बर्फ हे निमित्त. मला नव्या लेन्सने किआचे फोटो काढायचे होते, हे मंजिरी अजूनही माहेरी सांगते.)

किआ म्हणजे डोंगरातला पोपट. शेवाळी हिरवा, पंखांखाली केशरी, आणि अंगात इतक्या खोड्या की पार्किंगमध्ये पाटीच लावलेली: यांना खायला घालू नका, आपलं सामान सांभाळा. आम्ही गाडीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग मी बाहेर बर्फात पालथा पडलो. एक बॅटरी कॅमेऱ्यात, दुसरी काखेत, कारण थंडीत ती मान टाकते. समोर एक किआ अगदी राजेशाही थाटात उभा होता. त्याच्या मागे पिवळा खांब होता, बर्फ पडल्यावर रस्त्याची कड कळावी म्हणून लावतात तसला.

"बाबा, इट्स ईटिंग अवर कार!" इरा ओरडली.

दुसरा एक किआ वायपरचं रबर ओढत होता.

"अरे, हाकल ना त्याला!" मंजिरी किंचाळली.

"थांब! लाइट काय सुंदर आलाय बघ!"

"गाडी भाड्याची आहे!"

शेवटी सगळे घाईघाईने गाडीत बसलो. नानांनी मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता. काही विचारलं की नुसतं "हूं". थंडी वाजत असेल, असं आम्ही धरून चाललो.

पाऊण तासावर आमचं मोटेल होतं. पोचल्या पोचल्या मी लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्याला बर्फ नेहमी राखाडी दिसतो, तो उजळावा लागतो. उजळला. सावलीतला निळेपणा काढला. किआचं केशर खुलवलं. आता खांबाच्या पायथ्याशी एक गुलाबी ठिपका तेवढा डोळ्यांत खुपत होता. कुणीतरी च्युइंगमचा कागद टाकला असणार! लोकांना शिस्त म्हणून नाही, असं पुटपुटत मी त्यावर ब्रश फिरवला. ठिपका गायब! मग कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत माझी सही टाकली आणि फोटो फॅमिली ग्रुपवर सोडला.

पुण्यात सकाळच्या चहाची वेळ होती. "वा!" "प्रशांत, प्रदर्शन भरव!" मंजिरीच्या मावशीने तर लिहिलं, "किती स्वच्छ बर्फ!" मी तिसऱ्यांदा ते सगळं वाचत होतो, तेवढ्यात नानांनी मोटेलच्या वहीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मास्तरी, वळणदार अक्षर: "कवळी सापडत नाही."

जावयासमोर बिनदाताचं बोलायचं नाही, हा नानांचा नियम. त्यामुळे पुढची चौकशी लेखी झाली.

"कुठे ठेवली होती नाना?" मंजिरीने विचारलं.

"चटणीचे दाणे अडकले म्हणून धुतली. फार गार लागली. म्हणून गरम बॉनेटवर ठेवली."

"आणि मग?"

"खिशात टाकली असे वाटले."

खिसे उलटे झाले. गाडीच्या सीटा उचलल्या. कवळी नाही! नवी करायला तीन-चार आठवडे आणि लग्न चार दिवसांवर. केतकीला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "नाना, रेकॉर्डिंग लावू या का आपण?" नानांनी कागदावर "नाही" लिहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. चार महिने रोज पहाटे पेटी काढून त्यांनी चाल बसवली होती. त्यांचे डोळे भरलेले बघून मलाच गलबलून आलं.

इरा माझ्या लॅपटॉपपुढे बसली होती. फोटोची आधीची आणि नंतरची प्रत दाखवणारं एक बटण असतं, ते ती उगाच टकटक दाबत होती.

"बाबा, व्हॉट्स द पिंक थिंग?"

"कचरा. डिस्ट्रॅक्टिंग होता, म्हणून काढला."

तिने तो ठिपका मोठा केला. आणखी मोठा केला. बर्फातून वरच्या दातांची अख्खी रांग आमच्याकडे बघून हसत होती.

"तू नानांचे दात खोडलेस?" मंजिरी इतक्या शांतपणे म्हणाली की मी दोन पावलं मागे सरकलो. (सॉफ्टवेअरमध्ये इतरांच्या नजरेतून सुटलेल्या चुका शोधणं, ही माझी नोकरी आहे!)

अंधार पडायला दीड तास होता. आम्ही पुन्हा घाटाकडे निघालो. मांडीवर लॅपटॉप घेऊन इरा फोटोतला खडक आणि समोरचा खडक ताडून बघत होती, आणि मी रांगत होतो. पिवळे खांब एकसारखे! पहिल्याशी काही नाही, दुसऱ्याशी काही नाही. तिसऱ्याच्या पायथ्याशी हात घातला आणि हाताला दात लागले.

"सापडली!"

मंजिरी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कवळीवर चोचीचा एक ओरखडा होता, बाकी सगळं शाबूत. नानांनी थर्मासच्या गरम पाण्याने ती धुतली, पाठ फिरवून बसवली आणि त्याच पार्किंगमध्ये खड्या आवाजात पहिलं मंगलाष्टक म्हटलं. "शुभमंगल सावधान"ला चार अनोळखी पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी बर्फातच बसकण मारली.

शनिवारी अकराच्या अकरा मंगलाष्टकं झाली. एक अक्षर घसरलं नाही. केतकी अंतरपाटाआड रडली, मी उघड रडलो.

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय. नानांच्या आग्रहाने मूळचा, राखाडी बर्फाचा आणि गुलाबी ठिपक्याचा. त्यावरही मी सोनेरी सही टाकून दिली आणि फ्रेम करून आणायचं काम इराने केलं. भिंतीवर टांगल्यावर माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यातली माझी सोनेरी सही नाही.

"इरा, माझी सही कुठे गेली?"

"आय रिमूव्ह्ड इट, बाबा," ती म्हणाली. "डिस्ट्रॅक्टिंग होती."