इस्त्रीवालीचं नाक

माहेरी तिला सगळे नाकाबाई म्हणत. नाक काही मोठं नव्हतं, चेहऱ्याला शोभेल असंच होतं. पण ते सतत कामात असायचं. नवं पुस्तक हातात आलं की ती आधी हुंगायची, मग वाचायची. मोठा भाऊ चोरून सिगारेट ओढून आला, की त्याने दोनदा चूळ भरलेली असली तरी हिला जिन्यावरच पत्ता लागायचा. आई म्हणायची, "हिला सासरी धाडताना नाक इथेच काढून ठेवा. नाहीतर तिथल्या सगळ्यांची बिंगं फोडेल."

लग्न झालं ते इस्त्रीवाल्याशी. रस्त्याकडे तोंड करून दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये एक पडदा. सुरुवातीला नवरा तिच्या हातात इस्त्री देईना. घड्या घालायच्या आणि गठ्ठे बांधायचे, एवढंच तिचं काम. एकदा ती मागे कांदा परतत असताना तिथूनच म्हणाली, "अहो, इस्त्री उचला." त्याने उचलली. खालची चादर नुकती पिवळसर व्हायला लागली होती. शेजारच्याशी गप्पा मारण्याच्या नादात त्याचं लक्षच नव्हतं. परतल्या जाणाऱ्या कांद्यातून हिला ते कळलं कसं, हे त्याला कधी उमगलं नाही. पण त्याच आठवड्यात त्याने दुसरी इस्त्री आणली आणि दुसरं टेबल मांडलं.

तेव्हापासून ती टेबलाशी उभी राहिली ती राहिलीच. कपडे धुतलेले असले तरी प्रत्येक घराचा वास त्यांना चिकटून येतो. नर्सबाईंच्या गणवेशाला फिनेलचा. कोपऱ्यावरच्या सुताराच्या शर्टाला लाकडाच्या भुशाचा, तो तर कितीही धुतला तरी हलायचा नाही. एका घरातून अचानक दुधाळ, आंबूस वासाचे टॉवेल यायला लागले. गठ्ठा न्यायला आलेल्या आजोबांना तिने विचारलं, "नातू की नात?" "नात," आजोबा म्हणाले, "पण तुम्हाला कुणी सांगितलं?" उन्हात कडक वाळलेल्या सुती कापडावर पाण्याचा हबका मारून इस्त्री फिरवली, की जी वाफ चेहऱ्यावर यायची, ती तिला फार आवडायची. घरात कितीही कटकट झालेली असो, त्या वाफेने तिचा जीव थाऱ्यावर यायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच तिला वाटलं नव्हतं.

अशी वर्षं गेली, लेक मोठी होऊन सासरी गेली. मग एकदा साधा ताप आला. सर्दी, अंगदुखी, सगळ्यांना येतो तसाच. उतरलाही. अंगात जरा ताकद आल्यावर तिने दुकानाचं शटर वर केलं आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. बंद दुकानात कोंडलेला वास असतो, तापलेल्या लोखंडाचा, कापडाचा, जुन्या लाकडी टेबलाचा. तो नव्हता. नवऱ्याने झाडलोट केली असेल, म्हणून ती कामाला लागली. पाणी मारलं, इस्त्री फिरवली, वाफ चेहऱ्यावर आली. नुसती गरम. टीव्हीत दिसणारी वाफ असावी तशी.

आत जाऊन तिने साबण नाकाला लावला. काही नाही. फिनेलची बाटली उघडून खोल श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, घसा चरचरला, पण वास म्हणून काही आलं नाही.

तिने ते लपवलं. सर्दीच आहे, जाईल, असं स्वतःला समजावत राहिली. आणि एका दुपारी बँडमास्तरांचा पांढरा कोट टेबलावर होता. ती रस्त्याकडे बघत होती, हात थांबला होता, इस्त्री कोटावर होती. नवरा पलीकडच्या टेबलावरून धावत आला आणि त्याने तिचा हात झटकला. कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा पूर्ण ठसा उमटला होता.

"अगं, नाक कुठे गेलं तुझं?" तो ओरडला.

"गेलं," ती म्हणाली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि तापानंतर असं होतं, असं सांगितलं. परत येईल, कदाचित नाही येणार. मग धीर द्यावा म्हणून हसून म्हणाले, "नशीब समजा, डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत. वासच तर गेलाय."

ती खुर्चीतून उठली नाही. "डॉक्टर, डोळे गेले असते तर तुम्ही असं हसून मला घरी धाडलं असतं का?"

नवऱ्याने तिच्या कोपराला हात लावला. तिने कोपर काढून घेतलं.

डॉक्टर गंभीर झाले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "एक करता येतं. ओळखीचे चार-पाच वास निवडा आणि रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत राहा. काही आलं नाही तरी हुंगायचं, आणि तो वास कसा होता ते आठवत राहायचं. काहींना फायदा होतो. पण महिनोन्महिने लागतात आणि बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात."

"मी नाही सोडणार," ती म्हणाली.

बोलणं सोपं होतं. घरी जेवण म्हणजे ओलं कापड चावल्यासारखं झालं. दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता नाही. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय की काय, या धास्तीने ती दिवसातून तीनदा अंघोळ करायची. सगळ्यात वाईट म्हणजे घर परकं झालं. सगळं जागच्या जागी, माणसं तीच, पण आपण त्यांच्याकडे काचेतून बघतोय असं वाटायचं. लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली. नाकाबाईने बाळाला उचललं, टाळूवर नाक टेकवलं, तसंच टेकवून ठेवलं. मग बाळ लेकीच्या हातात दिलं, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

लेकीने बाहेरून दार वाजवलं. "आई, मला बाकीचं कळत नाही. पण याचं झबलं ठेवून जाते. न धुतलेलं. तुझ्या त्या हुंगण्यात हेही घे."

असे पाच वास झाले. चार बाटल्या: कॉफीची पूड, लिंबाची साल, बुटांचं पॉलिश, अंगाचा साबण. आणि एका डब्यात झबलं. सकाळी शटर उघडण्याआधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर ती एकेक झाकण काढायची, डोळे मिटायची आणि श्वास घ्यायची. काही यायचं नाही. झाकण लावायची. दुकानात कुणी नसलं की गिऱ्हाइकांचे कपडेही नाकाला लावून बघायची.

इकडे नवऱ्याने तिला परत घड्यांवर बसवलं होतं. एका सकाळी तिने त्याच्या आधी जाऊन आपली इस्त्री तापत ठेवली.

"पुन्हा जळालं तर?" त्याने विचारलं.

"तर जळालं म्हणून गिऱ्हाइकाला मी सांगेन. तुम्ही मध्ये यायचं नाही."

"अगं, वास नाही येत तुला."

"हात आहेत ना."

आणि ती नव्याने शिकली. टेबलाशी असताना रस्त्याकडे बघणं बंद, गप्पा बंद. कापड ओलं असताना इस्त्रीखाली बारीक चुरचुरतं, सुकलं की गप्प होतं. त्या गप्प होण्यावर तिने कान लावला. मुठीला कुठवर आच लागली की इस्त्री उचलायची, ते ठरवून घेतलं. पहिले काही दिवस मान आखडून जायची आणि काम निम्म्याने व्हायचं. नवरा तिच्या टेबलाकडे चोरून बघत असायचा. "माझ्याकडे कशाला बघता, तुमचं बघा," ती म्हणायची. एकही कपडा जळला नाही.

रविवारी नणंद जेवायला आली. ती हिच्याहून मोठी, बोलायला फटकळ, घरात तिचा शब्द चालायचा. हात धुताना म्हणाली, "वहिनी, आता पुरे कर. अख्ख्या गल्लीत बोलतात, इस्त्रीवाली बाई लोकांचे कपडे नाकाला लावते म्हणून. चार बाटल्या घेऊन काय बसतेस मांत्रिकासारखी? दादा कुणीतरी माणूस ठेवेल कामाला, तू घरी आराम कर. माणसांचे हातपाय जातात, तरी गप्प बसतात. तुझं काय गेलंय एवढं?"

नवऱ्याने आमटीची वाटी जवळ ओढली.

"काय गेलंय ते सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं घर गेलंय. या घरात मी बसलेय आणि मला घरी आल्यासारखं वाटत नाही. नातवंड मांडीवर घेतलं तरी ते कुणाचंही असावं असं वाटतं. हातपाय गेले तर लोक भेटायला येतात, वन्सं. माझं गेलं तर हसायला येतात. मी गप्प बसणार नाही. आणि हो, हुंगते मी कपडे. उद्यापासून लपून नाही, समोर हुंगेन."

दुसऱ्या दिवशी बाटल्या आतल्या फळीवरून दुकानाच्या दर्शनी काउंटरवर आल्या. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती सांगायची. काहींनी नाकं मुरडली, एक-दोघांनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. सुतार मात्र खिशातून भुशाची पुडी काढून म्हणाला, "हेही ठेवा. तुम्हीच म्हणायचात ना, माझा वास जात नाही." ती कितीतरी दिवसांनी हसली.

उन्हाळा गेला, थंडी आली. आणि पहिला वास आला तो चुकीचा आला. साबणाच्या बाटलीचं झाकण काढलं आणि जळक्या रबराची दुर्गंधी थेट मेंदूत गेली. ती आनंदाने ओरडणार होती, पण तिला ओकारी आली. डॉक्टर म्हणाले, नसा जाग्या होतायत, वाट चुकतायत, सोडू नका. मग कॉफी गटारासारखी यायला लागली. आणि त्याहून पंचाईत म्हणजे नवरा. दाढीचा साबण आणि घाम मिळून त्याच्या मानेपाशी जो एक वास असायचा, त्याच्या शेजारी ती इतकी वर्षं निवांत झोपली होती. तो आता सडल्यासारखा यायला लागला. तिने दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

नवऱ्याला लागलं. त्याने साबण बदलला, मग सोडलाच, मग अंथरूण उचलून दुकानात टेबलाखाली झोपायला गेला. काही दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. एका सकाळी ती बाटल्या घेऊन बसली असताना तो आला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि जुन्याच साबणाने दाढी केलेली मान पुढे केली.

"हे काय?" तिने विचारलं.

"बाटल्यांचं एवढं कौतुक, मग मी काय वाईट? मलाही रोज हुंग. ओकारी आली तर बादली आणलीय."

बादली खरंच आणली होती. तिने नाक टेकवलं, तोंड वाकडं केलं, तरी श्वास पूर्ण घेतला. त्यानंतर तो रोज बसायचा, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. किती दिवसांनी ते तिला सांगता येत नाही, पण त्या सडक्या वासाच्या खालून जुना वास हळूहळू वर आला. अंथरूण आत आलं.

सगळं परत आलं, असं नाही. कॉफी अजून बिघडलेलीच आहे. वाफ येते, पण पुसट, लांबून आल्यासारखी. आणि झबल्याचा वास परत आला नाही. तिचं नाक ठीक होईपर्यंत बाळ धावायला लागलं होतं, त्याच्या डोक्याला माती आणि रंगीत खडूंचा वास यायला लागला होता. टाळूचा तो वास जेमतेम काही महिने असतो आणि तिचे ते महिने गेले. कुणी "जाऊ दे आता" म्हटलं, की ती सरळ सांगते, "नाही जाऊ देणार. मला वाईट वाटतं आणि मी ते वाटू देणार आहे." झबलं तिने धुतलं नाही.

परवा एक अनोळखी बाई दुकानात आली. हातात कपडे नव्हते. काउंटरवरच्या बाटल्यांकडे बघत हळूच म्हणाली, "तुम्हालाही वास येत नव्हता, असं ऐकलं. मला पावसाळ्यापासून येत नाही. घरी सगळे म्हणतात, उगीच बाऊ करते."

नाकाबाईने इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले, आणि आतून स्टूल आणून तिच्यासाठी दारातच मांडलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं.

"इथे बसा," ती म्हणाली. "आणि मोठ्याने सांगा."