सेरेसवरचा गारा

पुंजाजी सरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक खोड जडली होती. उत्तरपत्रिका वाटताना एखादं चुकलेलं उत्तर मोठ्यानं वाचायचं आणि वर्गाला हसवायचं. पोरं हसली की सरांना आपण फार छान शिकवतो असं वाटे. मंगरूळपीरकडच्या त्या खेड्यात मास्तराला तोंडावर बोलणार कोण? खोड वाढतच गेली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी पाळी आली सातवीतल्या निताची. प्रश्न होता, सेरेस या बटुग्रहावर ध्रुवाजवळच्या खोल विवरांत काय सापडतं? पानाच्या शेवटच्या ओळीत निताने लिहिलं होतं, 'खड्ड्यात गारा'.

आता वऱ्हाडात गारा म्हणजे चिखल, विटांसाठी तुडवतात तो. निताची आई चतुराबाई दरसाल वीटभट्टीवर तोच तुडवायला जाते, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक. सर म्हणाले, "सेरेसवरबी भट्टी लावली काय वं तुह्या मायनं?" वर्ग पोट धरून हसला. निता मान खाली घालून बसली ती शाळा सुटेपर्यंत.

रविवारी दुपारी, परत गोळा केलेल्या उत्तरपत्रिकांवरून गुण भरताना सरांनी सहज निताचं पान उलटलं. मागे लिहिलं होतं, 'असतात. सेरेसचा आस आज थोडाच कललेला आहे. पण हजारो वर्षांत तो जास्त कलतो, तेव्हा पुष्कळ खड्ड्यांत ऊन शिरतं. ज्यांत तेव्हाही शिरत नाही, तिथल्याच गारा विरघळत नाहीत.'

गारा असतात. आभाळातून पडतात त्या. पोरीला बर्फ म्हणायचं होतं, आणि बर्फ तिनं पाहिला तो गारपिटीतच. कलण्याचं तर सरांनी स्वतः इतकं नीट सांगितलंच नव्हतं.  इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

चप्पल अडकवून ते तडक निताच्या घरी गेले. चतुराबाई गाठोडी बांधत होती. सरांना पाहताच तिनं हात जोडले. "पोरीचं चुकलं गुरुजी, माफ करा. आमच्या घरात गाऱ्याबिगर काय हाय? तेच लिवलं तिनं."

"तिचं नाही चुकलं बाई, माह्यं चुकलं," सर कसेबसे म्हणाले. मग निताकडे वळले. "पोरी, म्या पानच उलटवलं नाही."

निता चुलीपाशी भांडी पोत्यात भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. "हसले तं वर्गात होते, सर," ती म्हणाली. "तिथं सांगा."

"उद्या सांगतो."

"उद्या पहाटे आमी भट्टीवर जाऊन राह्यलो."

 जमिनीनं पोटात घ्यावं, असं झालं सरांना.

सोमवारी हजेरी घ्यायच्या आधीच ते वर्गासमोर उभे राहिले. निताचं उत्तर त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत वाचलं, पान उलटून. म्हणाले, "बरोबर आहे. चूक माझी होती. तिची थट्टा केली, त्याची मला लाज वाटते."

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून राजूनं भाबडेपणानं सांगितलं, "पण सर, गारा तं सकाळीच भट्टीवर गेली."

त्यानं मुद्दाम म्हटलं नव्हतं. दोन दिवसांत गावानं तिला तेच नाव पाडलं होतं.