मामांनी आमच्या मुलीला देवी काढल्या

माणसाला चेहरा असतो, ही गोष्ट आमच्या मामेसासऱ्यांना कधीच पटली नाही. त्यांच्या मते माणसाला एक दंड असतो आणि बाकीचं सगळं त्याला लोंबकळत असतं. ते धार संस्थानात देवी काढायच्या, म्हणजे देवीची लस टोचायच्या, नोकरीत होते. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत आणि ही पदवी नाकारण्याइतका विनय त्यांच्यात नव्हता. धारच्या बाजारात एखाद्या मिशाळ, थोराड गृहस्थाची बाही ते बेधडक वर करत आणि वण बघून म्हणत, "तू अमझेऱ्याच्या सुताराचा. चार काढल्या होत्या, तीन उठल्या. चौथीला तू हात हिसडलास." माझ्या लग्नाच्या बैठकीत सगळे माझं शिक्षण, पत्रिका, नोकरी यांवर बोलत होते, मामांनी मला सदऱ्याची बाही वर करायला लावली, दंड उजेडाकडे वळवला आणि आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, सांगितलं, "स्थळ चांगलं आहे."

त्यांची लस काचेच्या बारीक नळ्यांत असे, आणि नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात. मोटारीत सावलीची जागा मडक्याला आणि उन्हाची मामांना. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "भिया, मैं खराब हो जाऊँ तो चलेगा, ये नहीं होना चाहिए।" गावाच्या वेशीत त्यांची छत्री दिसली की बायका पोरांना धान्याच्या कोठीत लपवत. "डागदर साब, म्हारो छोरो तो मामा का घरे गयो," असं एखादी सांगायची आणि त्याच क्षणी कोठीतून शिंक यायची. मामा शांतपणे म्हणायचे, "मामा का घर भोत पास है, बाई." मग छोरा बाहेर, दंड पुढे, आणि आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत काम तमाम. आयांचं वाक्य त्यांनी कधीच पुरं होऊ दिलं नाही. "वाक्य संपेपर्यंत थांबलो असतो, तर निम्मं संस्थान मेलं असतं," असं ते अभिमानानं सांगत.

मी त्या दिवसांत पत्रकांवर वाढलेला, भडकू माणूस होतो. मामा प्रत्येक गावात आधी देवीचा कोप आवरणाऱ्या शीतळामातेच्या दगडाला नमस्कार करतात आणि मग पोरांना टोचतात, हे कळल्यावर मी त्यांच्याशी कडाडून भांडलो. "हे शास्त्र आहे की नवस?" मामा म्हणाले, "जावईबापू, तुमचं पत्रक वाचून किती आयांनी पोर बाहेर आणलं?" मी रागानं आणखी एक पत्रक लिहिलं. लस टाळणाऱ्या आईबापांना त्यात मी तीन पानं झोडपलं होतं. 'पोटच्या गोळ्याचे वैरी' हे त्यातलं सौम्य विशेषण. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, मामांचे साहेब बदलले. मामा, मडकं आणि आमचं भांडण तसंच राहिलं.

मग देवासला आमची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि माझा आवाज बसला. ती कापसात होती. कापसाच्या वातीनं तिच्या ओठांत दूध पिळायचं, आणि ते आत गेलं की बाहेर आलं हे बघत बसायचं, एवढंच काम मी आणि माझी बायको दोन महिने करत होतो. त्या श्रमानं माणूस इतका शिणतो की मतं बाळगायलाही अंगात जोर लागतो हे त्याला कळतं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीत देवीची साथ आली. सासूबाई म्हणाल्या, "तिचे हे दोन महिने पोटातलेच धरायचे. म्हणजे ती आज जन्मली. आज जन्मलेल्या पोरीला सुरी लावता का?" दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "टोचली तर ताप पेलेल का, सांगता येत नाही. नाही टोचली तर शेजारी देवी आहेतच. तुम्ही ठरवा." माझं पत्रक घरातच होतं. त्यात सातमाशी मुलांबद्दल एक ओळ नव्हती.

मी मोटारीनं धारला गेलो. मामा मला फैलावर घेतील, मी वैरी ठरेन, आणि एकदाचा निकाल लागेल, अशी माझी आशा होती. मामांनी माझं वाक्य पुरं ऐकून घेतलं. मला भीती वाटली. मग त्यांनी विचारलं, "दंड केवढा?" मी करंगळी दाखवली. त्यांनी कचेरीला रजेचा अर्ज लिहिला, कारण 'प्रकृती अस्वास्थ्य'. कुणाची प्रकृती, ते लिहिलं नाही.

देवासला येऊन त्यांनी मडकं कोपऱ्यात ठेवलं, हात धुतले आणि मुलीशेजारी बसले. थोड्या वेळानं उठून पुन्हा हात धुतले. "दादा, टोचणार आहेस की संध्या करणार आहेस?" सासूबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, "तू गप्प बस." मग मला म्हणाले, "जावईबापू, आठ दिवस थांबलं तर अंग धरेल." जरा वेळानं तेच म्हणाले, "आठ दिवस देवी थांबणार आहेत का?" दोन्ही बाजू तेच मांडत होते आणि दोन्हीकडून हरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गल्लीतून कुणीतरी गेल्याचा आकांत ऐकू आला. माझ्या बायकोनं कापूस बाजूला केला आणि मुलीचा हात बाहेर काढला. "मामा, टोचा. तिला काही झालं तर मी तुम्हाला बोल लावणार नाही."

"लावशील," मामा म्हणाले. "लावायचाही."

एरवी चार काढणाऱ्या माणसानं एकच काढली. कामाला निमिषही लागलं नाही, पण मामांना घाम फुटला होता.

पुढचे आठ दिवस ते जागचे हलले नाहीत. पाचव्या दिवशी फोड उठला, सातव्या दिवशी अंग तापलं. मुलगी वातीतलं दूध घेईना. मामा दर घटकेला तिच्या पोटावर तळहात ठेवत आणि आमच्याकडे बघणं टाळत. आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं वात चोखली, मग दुसरी, मग तिसरीसाठी रडली. सासूबाई देवापुढे गेल्या. मामा मात्र ओट्यावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "आठव्या दिवशी मी प्रत्येक गावात जातो, फोड उठला का बघतो, लिहून घेतो, निघतो. मधले सात दिवस त्या बायका काय करत असतील, हे कधी डोक्यात आलं नाही हो." माझ्या पत्रकानं तीन पानं झोडपलेल्या माणसांत मीही एक होतो.

त्यानंतर मामांचं काम मंदावलं, असं ऐकतो. हाडकुळं पोर दिसलं की ते तिथेच मुक्काम टाकतात, आईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात. वरून विचारणा आली तर रजेचा अर्ज करतात. आता त्यांची नोकरी संपत आली आहे. मुलगी पाच वर्षांची झाली, दिवसभर गल्लीत दंगा करते. तरी दर महिन्याला धारहून एक कार्ड येतं, त्यात नमस्काराच्याही आधी एकच ओळ असते: 'मुलीस ताप नाही ना?' मी त्याच दिवशी 'नाही' असं उत्तर टाकतो. पण लिहिण्याआधी तिला हाक मारून जवळ घेतो आणि एकदा कपाळाला हात लावून बघतो.